सॅन डिएगोत दोन दिवस फिरताय? या चुका टाळा

जून उजाडला की आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा सुरू होते. लॉस एंजेलिस झालं, लास वेगस झालं, परतीच्या विमानाआधी दोन दिवस उरतात, तेवढ्यात सॅन डिएगो. मी इथेच राहते, पाहुण्यांना फिरवायला मला मनापासून आवडतं. शहरही माणसाळलेलं आहे. ट्रॉलीच्या (इथल्या ट्रामच्या) थांब्यावर शेजारचा माणूस आपणहून बोलायला लागतो, पत्ता विचारला तर कोपऱ्यापर्यंत सोबत येतो. तरी दरवर्षी तेच चुकतं, आणि बहुतेक वेळा ते ढग आणि घड्याळामुळे चुकतं.

सकाळी उठून थेट समुद्रावर जाणं

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असं धरून लोक सुती कपड्यांत सकाळी आठला किनाऱ्यावर पोचतात आणि समोर नुसतं राखाडी आकाश. इथला पॅसिफिक थंड आहे. त्यावरची हवाही गार होते, तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं आणि खाली ढग अडकून राहतात. मे-जूनमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की इथले लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. बहुतेक दिवशी दुपारपर्यंत ढग विरतात, एखाद्या दिवशी मुळीच विरत नाहीत.

पॉइंट लोमाच्या टेकडीवरचं जुनं दीपगृह याच ढगांनी बंद पाडलं. समुद्रापासून ४२२ फूट उंचीवर, म्हणजे प्रकाश लांबवर दिसेल, या हिशेबाने ते बांधलं आणि १८५५मध्ये दिवा लागला. पण धुकं आणि खालचे ढग नेमके दिव्याच्या आड यायचे. शेवटी १८९१मध्ये ते बंद करून खाली, पाण्याजवळ नवं दीपगृह उभारलं. गेल्या जूनमध्ये मी काका-काकूंना सकाळी साडेनऊला तिथे घेऊन गेले. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, कठड्यावर दवाचे थेंब, आणि खाली बंदर आहे हे फक्त भोंग्याच्या आवाजावरून कळत होतं. दुपारी दोनला त्याच जागेवरून कोरोनाडोचा पूल आणि नौदलाची जहाजं लख्ख दिसतात. चूक माझी होती, मी क्रम उलटा लावला होता.

म्हणून सकाळ शहराच्या आतल्या भागाला द्या आणि समुद्र दुपारनंतर ठेवा. सकाळी बाल्बोआ पार्क उत्तम. १९१५च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या स्पॅनिश वळणाच्या इमारतींत आज संग्रहालयं आहेत. त्यातली काही सोमवारी बंद असतात, म्हणून वार बघून जा. रविवार असेल तर दुपारी दोनपर्यंत थांबाच. तिथे उघड्यावर ठेवलेला प्रचंड पाइप ऑर्गन वाजवतात, तिकीट नाही.

प्राणिसंग्रहालय याच पार्कला लागून आहे. सफारी पार्क मात्र वेगळं. ते एस्कॉन्डिडोजवळ, सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिकीट एकाचं आणि गाडी दुसऱ्याच्या दारात, असं दोन कुटुंबांच्या बाबतीत मी पाहिलंय. प्राणिसंग्रहालयात चढ-उतार भरपूर. ज्येष्ठ मंडळी असतील तर आत गेल्यावर आधी टूर बसची फेरी घ्या, मग पायी फिरा.

ओहोटी न बघता खडकांवर उतरणं

दीपगृहाच्या पायथ्याशी, टेकडीच्या पश्चिमेला खडकांत पाण्याची डबकी आहेत. ओहोटीत त्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं दिसतात. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही, पण एक गोष्ट इथली खास आहे. इथल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खूप खाली जाते, दुसरी जेमतेम. हिवाळ्यात ही मोठी ओहोटी दुपारी येते, उन्हाळ्यात पहाटे, जेव्हा कॅब्रिलो स्मारकाचं (दीपगृह आणि ही डबकी त्याच्याच आवारात आहेत) फाटकच उघडलेलं नसतं. म्हणजे डबकी बघायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या आणि तक्ता बघून वेळ ठरवा. रबरी तळाचे बूट हवेत, शेवाळावर चप्पल घसरते. काहीही उचलू नका, रिकामा शिंपलासुद्धा नाही.

पाण्यात उतरणार असाल तर थंडीची तयारी ठेवा. ऑगस्टमध्येही पाणी साधारण २० अंशांच्या आसपास असतं. उथळ वाळूत पाकट मासे दडून बसतात, म्हणून पाय उचलून न टाकता वाळूवर घासत पुढे न्या. म्हणजे ते आधीच सरकतात. डंख बसलाच तर जीवरक्षकांकडे जा, ते सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय ठेवायला देतात. लाट आत ओढू लागली तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा.

ला होया (लिहिताना ‘जे’ असल्यासारखं दिसतं, उच्चार मात्र होया) इथल्या सी लायनजवळ सेल्फीसाठी जाऊ नका. ते सुस्त दिसतात, पण चावतात, आणि त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. जवळच्या चिल्ड्रन्स पूलची भिंत १९३१मध्ये मुलांना सुरक्षित पोहता यावं म्हणून बांधली. आता तिथे सील पिलं घालतात, त्यामुळे १५ डिसेंबर ते १५ मे वाळूवर उतरायला बंदी असते.

‘व्हेज’ म्हणून बीन बरिटो मागवणं

मेक्सिकन जेवण इथे अप्रतिम मिळतं, पण काही ठिकाणी घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘लार्ड आहे का, चिकन ब्रॉथ आहे का’ असं नेमकं विचारा, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. कार्ने असादा म्हणजे गोमांस, अडोबाडा डुकराचं, पोयो म्हणजे कोंबडी. मासे खात असाल तर फिश टाको चुकवू नका.

पासपोर्ट हॉटेलात ठेवून दक्षिणेला जाणं

शहराच्या मध्यापासून मेक्सिकोची सरहद्द अवघ्या २५-३० किलोमीटरवर आहे. आय-५ महामार्गावर ‘लास्ट यूएसए एक्झिट’ असा फलक लागतो. तो चुकला की परत वळायला जागा नाही, गाडी थेट तिहुआनात. भाड्याच्या गाडीचा विमा तिथे बहुधा चालत नाही, आणि परतीच्या रांगेत तासन्‌तास जातात. ट्रॉलीची निळी लाइन थेट सरहद्दीपर्यंत जाते, तेव्हा पलीकडे पायी जायचं मनात येतं. पण तुमचा व्हिसा आणि परत येण्याची परवानगी आधी नीट तपासा. उत्तरेकडे परततानाही सॅन ओनोफ्रेजवळ तपासणी नाका आहे, कधी चालू, कधी बंद. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) जवळच असू द्या.

पार्किंगबद्दल एवढंच: फुटपाथच्या लाल रंगवलेल्या कडेला थांबायचं नाही, निळी अपंगांची, हिरवी थोड्या वेळापुरती. २०२५पासून झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे २० फुटांत, रंग नसला तरी, दंड होतो. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका.

जमल्यास लॉस एंजेलिसहून गाडीऐवजी पॅसिफिक सर्फलायनर रेल्वेने या. साधारण तीन तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी महामार्गावर याहून जास्त वेळ जातो. सॅन क्लेमेंटेजवळ दरड कोसळून मार्ग अधूनमधून बंद असतो, तेव्हा तिकिटाआधी चौकशी करा. येताना उजवीकडची खिडकी धरा, जाताना डावीकडची. रूळ इतके पाण्याजवळून जातात की लाटेवर बसलेल्या सर्फरचा चेहरा दिसतो.