मिलवूड्समध्ये राहायला येताय? मग सहाव्या कराराविषयी

कॅनडातल्या एडमंटनला, त्यातही मिलवूड्स भागात, आल्यावर हिवाळ्याचे बूट कुठले घ्यावेत, गाडीचा ब्लॉक हीटर कधी लावावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. कळायला सहा वर्षं गेली, आणि त्याची खंत आजही आहे.

मुलांच्या शाळेतल्या पहिल्याच कार्यक्रमात सुरुवातीला म्हटलं जाईल, "आपण सहाव्या कराराच्या भूमीवर जमलो आहोत." तेव्हा कृपा करून फोनमध्ये डोकं घालू नका. हा करार इथल्या मूळ रहिवाशांचा ब्रिटिश राणीशी झालेला, आणि ही गोष्ट तुमच्या घराखालच्या जमिनीची आहे.

२३ ऑगस्ट १८७६ रोजी सस्कॅचेवानमधल्या फोर्ट कार्लटनला या करारावर पहिल्या सह्या झाल्या. राणी व्हिक्टोरियाच्या वतीने अलेक्झांडर मॉरिस बोलत होते, समोर मिस्तावासिस आणि आताहकाकूप हे क्री या मूळ रहिवासी लोकांचे प्रमुख होते. ज्यांच्या शिकारीवर ते जगत ते बायसनचे (रानगव्यांसारख्या जनावरांचे) कळप संपत आले होते आणि १८७० च्या देवीच्या साथीने घरंच्या घरं रिकामी केली होती. तरीही हे लोक भोळेपणाने सह्या करायला आले नव्हते. स्वतःचा दुभाषा, पीटर इरॅस्मस, त्यांनी सोबत आणला होता. दुष्काळात आणि साथीत मदत मिळेल, औषधांची पेटी ठेवली जाईल, ही कलमं वाटाघाटीतून आली.

कागद म्हणतो की जमिनीवरचे सगळे हक्क त्यांनी कायमचे सोडले, सुमारे १,२१,००० चौरस मैलांवरचे. बदल्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन आणि माणशी वर्षाला ५ डॉलर. ते ५ डॉलर आजही ५ च आहेत.

क्री ज्येष्ठांच्या तोंडून ऐकाल तर करार वेगळाच आहे. जमीन वाटून वापरायला दिली, तीही नांगराचा फाळ जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत. खालच्या मातीविषयी, पाण्याविषयी बोलणं झालंच नव्हतं. सह्यांच्या आधी पवित्र चिलीम फिरली. तिच्या साक्षीने बोललेला शब्द हाच त्यांच्या लेखी करार. मॉरिस यांच्या सरकारसाठी करार म्हणजे कागद. आमच्या गावी आजोबा शेत अर्धेलीने कसायला द्यायचे. म्हणून काही सातबारा कुणी कसणाऱ्याच्या नावावर केला नाही. हे आठवलं तेव्हा ज्येष्ठांचं म्हणणं मला पहिल्यांदा नीट समजलं.

आणि नांगराच्या खाली काय होतं? तुम्ही ज्या विमानतळावर उतरलात त्याच्या शेजारच्या लेडक भागात १३ फेब्रुवारी १९४७ ला तेल लागलं. अल्बर्टाची श्रीमंती तिथून सुरू झाली. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्याही त्याच तेलावर आहेत.

आता मिलवूड्स. भाड्याचं बेसमेंट, गुरुद्वारा, किराणा दुकानं, सगळं जवळ, म्हणून आपण तिथे जातो. पापासचेस हा क्री समूह १८७७ मध्ये करारात सामील झाल्यावर त्यांना इथेच राखीव जमीन आखून दिली होती. १८८८ मध्ये समूहातल्या तीन माणसांच्या सह्यांवर ती सरकारने परत घेतली. वंशज न्यायालयात गेले. २००८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा मुदतीबाहेर ठरवला. रोज सकाळी बस पकडायला तुम्ही त्याच जमिनीवर उभे राहणार आहात.

आपल्या दिवाळीच्या जेवणांत "त्यांना सगळं फुकट मिळतं, करही नाही" असं ऐकू येईल. तिथे गप्प बसू नका. करातली सूट प्रामुख्याने राखीव जमिनीवरच्या मालमत्तेला आणि उत्पन्नाला आहे. शहरात नोकरी करणाऱ्याचा कर तुमच्यासारखाच कापला जातो. "इंडियन" हा शब्द कायद्याच्या नावात अजून आहे, पण माणसाला तसं म्हणू नका. क्री म्हणा, ते स्वतःला नेहियाव म्हणतात. नागरिकत्वाच्या शपथेत २०२१ पासून करारांतून आलेले हक्क मान्य असल्याचं आपण म्हणतो, तेव्हा शपथेच्या आधी हे वाचून ठेवा.

पाववावला, म्हणजे त्यांच्या नाच-गाण्याच्या पारंपरिक मेळ्याला, मुलांना घेऊन जरूर जा. फोटो विचारूनच काढा. काही नृत्यांच्या वेळी निवेदक स्वतःच कॅमेरे बंद ठेवायला सांगतात. एखाद्या ज्येष्ठांना कराराविषयी विचारायचं असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आपण मोठ्यांकडे जाताना नारळ नेतो, तशी इथे तंबाखू नेतात. ती आधी पुढे करा. त्यांनी घेतली, की मग प्रश्न विचारा.