बंद वास्तू उघडताना: आधी पाणी, मग आराखडा

वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेली जुनी इमारत कुणाच्या ताब्यात आली, की माझ्यासमोर पहिल्या भेटीत चित्रं येतात. इथे दालन, तिथे कॅफे, वर कार्यालयं. मी ती बाजूला ठेवते आणि शिडी मागवते. वस्ती पुन्हा जागी होत असते, शेजारची दुकानं उघडत असतात, म्हणून मालकाला घाई असते. ती मला समजते. पण रिकाम्या इमारतीचं खरं नुकसान पाण्याने केलेलं असतं आणि ते अजून चालू असतं. आधी ते थांबवायचं.

शक्य असेल तर भर पावसात जा. छपरावरून पाणी कुठे वाहतं, कोणती पन्हळ तुंबली आहे, कोणत्या पाइपचा सांधा सुटून भिंत भिजते आहे, हे कोरड्या दिवशी कळत नाही. पन्हळी साफ करा, फुटलेली कौलं बदला, आणि ज्या भागाची दुरुस्ती लगेच होणार नाही त्यावर तात्पुरतं पण भक्कम छप्पर घाला. त्याबरोबरच वारा खेळता ठेवा. खिडक्या फळ्यांनी ठोकून बंद केल्या असतील, तर त्या फळ्यांना जाळीचे झरोके पाडा. बंद हवेत ओल कोंडते आणि लाकूड कुजतं.

पाणी थांबलं म्हणजे भिंत सुकली, असं नाही. जाड दगडविटांच्या भिंतीला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. मोठे हीटर लावून घाई केली तर लाकूड तडकतं आणि गिलावा सुटतो. या काळात करण्यासारखं भरपूर असतं. तडा रुंदावतो का हे दाखवणाऱ्या मापपट्ट्या तड्यांवर बसवा आणि सगळे ऋतू फिरून येईपर्यंत नोंदी ठेवा. वर्षभर न हललेला जुना तडा नुसता भरून चालतो. वाढत राहिलेला तडा पायाकडे बोट दाखवतो.

तुळया तपासताना मधला भाग पाहून समाधान मानू नका. भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात, कारण ओल तिथे साठते. टोकदार आरी (टोचा) खुपसून पाहा, ओलावामापक लावा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर बुरशीला तिथे बस्तान बसवता येतं. टोक गेलं म्हणून आख्खी तुळई काढायची गरज नसते. तेवढंच टोक कापून नवं लाकूड जोडता येतं. असा सांधा मन लावून करणारा सुतार मिळाला, तर त्याला कामाच्या शेवटापर्यंत सोडू नका.

पारव्यांच्या विष्ठेचे थर कोरडे झाडू नका. त्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. आधी भिजवा, योग्य मास्क घाला. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. अ‍ॅस्बेस्टॉसला हात लावण्याआधी त्यातला जाणकार बोलवा.

आता चुना. इथे मी वाद घालते आणि घालत राहीन. पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट १८२४ सालचं आहे आणि ते सर्रास वापरात यायला पुढे कित्येक दशकं गेली. त्याआधीची बहुतेक पक्की बांधकामं चुन्यात आहेत. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. भिंत किंचित हलली तर तो सोसतो आणि आतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. विटांमधल्या दरजांमध्ये कडक सिमेंट भरलं की ओलीला विटेतूनच वाट काढावी लागते. क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि विटेचे पापुद्रे निघू लागतात. सांधा शाबूत आणि वीट पोखरलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असतं. मूळ चुन्याचा नमुना तपासून घ्या, त्याला जुळणारं मिश्रण करा आणि काम काही दिवस ओलसर ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. कंत्राटदार म्हणेल, सिमेंटने लवकर होईल. नाही म्हणा.

एवढं झाल्यावर वापर ठरवा, आणि तो जागेला विचारून ठरवा. लंडनचं बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये तिथे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं. टर्बाइनचं अजस्र दालन मजल्यांमध्ये न चिरता मोकळंच ठेवलं, आणि आज त्या संग्रहालयाची ओळखच ते दालन आहे. तुमच्या इमारतीत असं काय आहे, जे नव्याने बांधून मिळणार नाही? उंच छत असेल, जिना असेल, आतला चौक असेल. ते आधी राखा आणि खोल्या त्याभोवती बसवा. नवी भर घालायची असेल तर ती नवी म्हणून ओळखू येऊ द्या. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचंही तेच म्हणणं आहे. पुढे कुणाला ती काढता येईल अशी असेल तर फारच उत्तम.

अग्निशमन अधिकाऱ्यांना आराखड्याआधी भेटा. वरच्या मजल्यावर किती माणसं चालतील, हे बहुतेक वेळा सुटकेचा दुसरा जिना ठरवतो. वायरिंग आणि नळ उघडे, भिंतीबाहेरून न्या. तेवढी तोडफोड वाचते. अंदाजपत्रकाचा निदान पाचवा हिस्सा अनपेक्षित कामासाठी मोकळा ठेवा.

सगळी इमारत एकदम उघडायची गरज नाही. तळमजला आधी सुरू करा, वरचे मजले कोरडे आणि सुरक्षित ठेवून थांबू द्या. तळमजल्याचे गाळे लहान पाडा. पडत्या काळातही त्या वस्तीत टिकून राहिलेल्या शिंप्याला, दुरुस्तीवाल्याला, छापखान्याला आधी विचारा आणि भाडेवाढीची मर्यादा लिहून लांब मुदतीचा करार करा. वस्ती सावरली की भाडी चढतात आणि नेमकी हीच माणसं आधी बाहेर पडतात. करारात आणखी एक कलम घाला: पन्हळी वर्षातून दोनदा कोण साफ करणार आणि त्याचे पैसे कुठून येणार.