फेडरल निधीचा भरवसा नसताना विशेष शिक्षणातील प्राध्यापकाने काम कसे आखावे

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागातील आयईएस या संशोधन संस्थेची सुमारे 90 कोटी डॉलरची कंत्राटे अवघ्या काही दिवसांत रद्द झाली. मार्चमध्ये त्या विभागातील सुमारे 1,300 कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये शटडाउन, म्हणजे खर्चाची तरतूद मंजूर न झाल्याने ठप्प झालेले सरकारी कामकाज, चालू असतानाच विशेष शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयातील बहुतेकांवर तीच वेळ आली. न्यायालयाने ती कपात अडवली आणि नोव्हेंबरमध्ये शटडाउन संपवणाऱ्या कायद्यातच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती मागे घ्यायला लावली. या घटनाक्रमाकडे पाहिल्यावर सगळे बंदच पडणार असे मानून हातपाय गाळणे चुकीचे ठरते, आणि वर्षभरात सगळे पूर्वपदावर येईल असे मानून जुन्याच पद्धतीने पाच वर्षांचे बेत आखणेही तितकेच चुकीचे ठरते. या दोन टोकांच्या मधल्या काळासाठी काम कसे बांधावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे. ते प्रामुख्याने अमेरिकी विद्यापीठांत विशेष शिक्षण शिकवणाऱ्या, डॉक्टरेटचे विद्यार्थी सांभाळणाऱ्या आणि अनुदानावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी लिहिले आहे.

पहिले काम म्हणजे पैशांची वर्गवारी. 'फेडरल निधी', म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा, या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. 1975 च्या कायद्याने दिव्यांग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला. 1990 मध्ये त्याच कायद्याला आयडिया हे नाव मिळाले आणि 2004 मध्ये त्यात शेवटची मोठी सुधारणा झाली. या कायद्याच्या 'बी' भागातून राज्यांना ठरलेल्या सूत्राने पैसे जातात. सरासरी प्रतिविद्यार्थी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे आश्वासन काँग्रेसने कधीच पाळले नाही, अलीकडे तर तो वाटा 15 टक्क्यांच्याही खाली आहे. तरीही सुमारे 75 लाख विद्यार्थ्यांच्या सेवांना हा पैसा हातभार लावतो आणि त्याला दोन्ही पक्षांचा पाठिंबा राहिला आहे. आपले प्रकल्प मात्र यातून चालत नाहीत. शिक्षक आणि प्राध्यापक घडवणारी, राज्यांना तांत्रिक साहाय्य देणारी अनुदाने याच कायद्याच्या 'डी' भागातून येतात, आणि संशोधनाची अनुदाने आयईएसच्या विशेष शिक्षण संशोधन केंद्रातून येतात. या केंद्राची वार्षिक तरतूद अलीकडच्या वर्षांत सुमारे 6.4 कोटी डॉलर, म्हणजे मुळातच तुटपुंजी, राहिली आहे. हा पैसा स्पर्धेतून मिळतो आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे बरेचसे विभागाच्या मर्जीवर असते. मुलाचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे आणि आपला प्रकल्प तसा लिहिलेला नाही, ही गोष्ट पालक, शाळा आणि स्वतःचे विद्यार्थी यांना प्रत्येक वेळी स्पष्ट करून सांगावी. घाबरलेल्या पालकाला 'कायदाच गेला' असे वाटू देणे ही आपल्या व्यवसायातील मोठी चूक ठरेल, कारण हक्क उरला नाही असे समजणारा पालक आयईपीच्या, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरवण्याच्या, बैठकीत गप्प बसतो.

त्यानंतर मंजुरीपत्र काढून ते अक्षरशः वाचावे. त्यात प्रकल्पाचा कालावधी पाच वर्षांचा आणि अर्थसंकल्पाचा कालावधी एक वर्षाचा, असे दोन आकडे असतात. हातात आलेले पैसे दुसऱ्या आकड्यापुरतेच असतात. उरलेली चार वर्षे हा इरादा असतो. म्हणूनच चालू वर्षाच्या मध्यात अनुदान संपुष्टात आणणे आणि पुढच्या वर्षाचे पैसे न देणे या नियमांच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये 'डी' भागातील काही प्रकल्पांना, त्यांत बहिरे-अंध मुलांसाठी काम करणारे प्रकल्पही होते, मिळालेली पत्रे दुसऱ्या प्रकारची होती. तिथे फेरविचाराची विनंती करता येते, पण वाद घालायला जागा कमी असते. मध्येच संपुष्टात आणताना विभाग बहुधा फेडरल अनुदान नियमांच्या 200.340 या कलमाचा आधार घेतो. अनुदान ते देणाऱ्या संस्थेच्या प्राधान्यक्रमांशी जुळत नसल्यास ते थांबवण्याची मुभा या कलमात आहे, मात्र तशी अट मंजुरीच्या अटींत असावी लागते. ती अट तुमच्या पत्रात आहे का, कोणत्या शब्दांत आहे, हे संकट येण्याआधी माहीत असावे.

संशोधनाची आखणी बदलण्याचे काम सर्वांत अवघड आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. आपल्या क्षेत्रात एकल-प्रकरण पद्धतीचा, म्हणजे मोजक्या मुलांच्या वारंवार नोंदी घेऊन प्रत्येकातला बदल तपासणारा, अभ्यास नेहमीचा. समजा, बोलता न येणारी तीन मुले टॅबलेटवरील चित्रांच्या साहाय्याने मागणी करायला शिकणार आहेत. तिघांच्याही पायाभूत (शिकवण्याआधीच्या) नोंदी एकाच दिवशी सुरू होतात, प्रत्येकाच्या किमान पाच घेतल्या जातात, मग पहिल्याला शिकवणे सुरू होते, काही आठवड्यांनी दुसऱ्याला आणि सर्वांत शेवटी तिसऱ्याला. शास्त्र म्हणून हे चोख आहे, कारण परिणाम तीन वेगवेगळ्या वेळी दिसला तरच तो शिकवण्यामुळे झाला असे म्हणता येते. पण मार्चमध्ये पैसे थांबले, तर या आखणीत ज्याच्या वाट्याला काहीच येत नाही तो तिसरा मुलगा कोण असेल हे आपणच सप्टेंबरमध्ये ठरवलेले असते. वर्गाच्या कोपऱ्यात आठवड्यामागून आठवडे त्याच्यासमोर खाऊचा डबा बंद करून ठेवला जातो, तो हात पुढे करतो, निरीक्षक कागदावर शून्य लिहितो आणि नंतर निरीक्षक येणेच बंद होते. शाळेनंतरच्या आयुष्यासाठी दिव्यांग किशोरांना तयार करणारा एक मोठा फेडरल अभ्यास 2025 च्या कपातीत असाच मध्येच थांबला आणि त्या मुलांना मिळणारे प्रत्यक्ष मार्गदर्शनही त्यासोबत थांबले.

यावर माझा उपाय असा आहे. प्रत्येक अभ्यास एका अर्थसंकल्पीय वर्षात पूर्ण होईल एवढ्याच आकाराचा ठेवावा, भले त्यामुळे पाच वर्षांचा एक मोठा अभ्यास चार लहान अभ्यासांत मोडावा लागला तरी चालेल. शिकवण्याचे तंत्र संशोधन सहायकाच्या हाती न ठेवता वर्गशिक्षिकेला पहिल्या महिन्यातच शिकवावे, आणि तिच्याकडे राहील अशी दोन पानी टिपण पुस्तिका तिच्या कपाटात असावी. टॅबलेटसारखे साहित्य अभ्यास थांबल्यास शाळेत राहू शकेल का, हे अनुदान कार्यालयाला आधीच विचारून त्याची लेखी सोय करावी. संशोधन नीतिमत्ता समितीकडे पाठवायच्या आराखड्यात 'निधी अचानक थांबल्यास' असा एक परिच्छेद जोडावा: मुलांना शिकवणे कोण पूर्ण करील, पालकांना कोण आणि किती दिवसांत कळवील, गोळा झालेल्या नोंदी कुठे राहतील. पालकांच्या संमतिपत्रातही हीच गोष्ट साध्या शब्दांत यावी. शिक्षिकेने स्वतः शिकवल्यामुळे नियंत्रण थोडे सैल होते, समीक्षक त्यावर बोट ठेवतात, हे खरे आहे. ती किंमत मी मोजायला तयार आहे.

पत्र येते त्या दिवशी काय करावे, याची उजळणी आधीच झालेली असावी. अनुदान तुमच्या नावाने ओळखले जात असले तरी ते विद्यापीठाला दिलेले असते, त्यामुळे शिक्षण विभागाला स्वतः उत्तर लिहू नये. पत्र त्याच तासाला विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयाकडे आणि विधी कार्यालयाकडे पाठवावे. नवे खर्च थांबवावेत. आक्षेप नोंदवण्याची मुदत पाहावी. अंतिम अहवाल सहसा 120 दिवसांत द्यावे लागतात, आणि त्यानंतरही कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात. कोर्टाचा मार्गही प्राध्यापकाच्या हातचा नाही: शिक्षक प्रशिक्षणाच्या रद्द झालेल्या अनुदानांच्या प्रकरणात एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा रोख असा होता की, पैशांची मागणी फेडरल दाव्यांच्या न्यायालयात व्हायला हवी. ती वाट लांबची आहे आणि तिच्यावर भरवसा ठेवून कुणाचा पगार देता येत नाही. त्यापेक्षा झालेल्या खर्चाचे पैसे विद्यापीठ दर महिन्याला शिक्षण विभागाकडून वसूल करते की नाही, हे पाहणे अधिक उपयोगी. माझ्या एका प्रकल्पात सहयोगी संस्थेची बिले सहा महिने माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होती. तो प्रकल्प सुखरूप पार पडला, पण मध्येच थांबला असता तर ते पैसे मिळवताना माझी दमछाक झाली असती. आता बिल आले की त्याच आठवड्यात सही होते.

डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळ्या नाजूकपणाचा आहे. 'डी' भागाच्या मनुष्यबळ अनुदानातून ज्यांचे शिक्षण होते, त्यांना निधी मिळालेल्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे या क्षेत्रात काम करावे लागते, नाहीतर रक्कम परत करावी लागते. प्रकल्प थांबला म्हणून घेतलेल्या पैशांवरचे हे बंधन आपोआप सुटेल, असे विद्यार्थ्याला कुणीही तोंडी सांगू नये. त्याच्या सहीच्या कराराची प्रत, मिळालेल्या रकमेचा हिशेब आणि वर्षांची नोंद त्याच्या हाती असावी. प्रवेश देतानाच निधीच्या पत्रात किती सत्रांची हमी विद्यापीठाची आहे आणि किती सत्रे फेडरल पैशांवर अवलंबून आहेत हे लिहावे. विभागप्रमुखाकडून अध्यापन सहायकाच्या एक-दोन जागा राखीव ठेवून घ्याव्यात. या वाटाघाटीत एक मुद्दा लक्षात ठेवावा: शिक्षण विभागाच्या प्रशिक्षण अनुदानांवर विद्यापीठाला मिळणारा अप्रत्यक्ष खर्च (इमारत, प्रशासन वगैरेंसाठीची रक्कम) 8 टक्क्यांवर मर्यादित आहे, त्यामुळे प्रशासनाला या अनुदानांतून फारशी मिळकत नसते आणि ती वाचवण्यासाठी ते स्वतःहून धावून येईलच असे नाही. किती पदवीधर कोणत्या शाळांत आणि विद्यापीठांत काम करीत आहेत, हा एका पानाचा तक्ता अधिष्ठात्यांपुढे ठेवल्यास बोलणे सोपे जाते.

सरकारी माहितीसाठ्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, ज्या सार्वजनिक फाइलींवर तुमचे विश्लेषण उभे आहे त्या, त्यांच्या संकेतपुस्तिकेसह (फाइलीतील प्रत्येक नोंदीचा अर्थ सांगणारी पुस्तिका), आजच उतरवून विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवाव्यात आणि उतरवल्याची तारीख नोंदवावी. परवान्यावर मिळणाऱ्या मर्यादित वापराच्या माहितीची मात्र प्रत काढू नये. चिंतेपोटी परवान्याच्या अटी मोडणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

दुसरे स्रोत शोधताना आकारमानाचे भान ठेवावे. स्पेन्सर फाउंडेशनचे लहान अनुदान 50,000 डॉलरपर्यंतचे आहे. त्यात एका वर्षाचा एक नेटका अभ्यास होतो, संशोधन केंद्र चालत नाही. अपंगत्व, पुनर्वसन आणि स्वतंत्र जीवन यांवरील निडिलर ही संस्था आणि बालआरोग्याची एनआयसीएचडी ही संस्था आरोग्य विभागाच्या छत्राखाली आहेत, पण तेही फेडरलच छत्र आहे, हे विसरू नये. राज्याचा शिक्षण विभाग आणि मोठे शाळा जिल्हे यांच्याशी केलेले छोटे मूल्यमापन करार मला अधिक टिकाऊ वाटतात, कारण विशेष शिक्षकांचा तुटवडा हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.

सार्वजनिकरीत्या बोलण्याबाबत नियम सोपा आहे: अनुदानाच्या पैशांवरचा वेळ, ईमेल आणि प्रवास लोकप्रतिनिधींवर प्रभाव टाकण्यासाठी वापरता येत नाही, स्वतःच्या वेळात, नागरिक म्हणून लिहिता येते. कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन ही 1922 मध्ये स्थापन झालेली संघटना किंवा विशेष शिक्षण शिकवणाऱ्या विद्यापीठांचा हेक्सी हा संघ यांच्यामार्फत बोलणे बहुतेकांना सोयीचे पडते. एच-1बी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक हिशेब मांडून ठेवावा. नोकरी गेल्यास देशात राहण्यासाठी साधारण 60 दिवसांचीच सवलत मिळते, म्हणून ज्यांचा पगार अनुदानातून निघतो त्यांनी इमिग्रेशन वकिलाशी पहिली भेट पत्राची वाट न पाहता घ्यावी.

राहिली बढतीची फाइल. रद्द झालेले अनुदान सीव्हीतून काढून टाकू नये. मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कलमाखाली ते थांबवले गेले, आणि तोपर्यंतचे सर्व अहवाल वेळेवर दिले गेले होते, हे दोन ओळींत लिहावे. बाहेरच्या परीक्षकांना पाठवायच्या पत्रात हाच मजकूर यावा, अशी विनंती विभागप्रमुखाला लेखी करावी, कारण पाच वर्षांनी ती फाइल वाचणाऱ्याला 2025 मध्ये काय घडले होते हे आठवत असेलच असे नाही.