वाचताना गाळलेल्या जागा कशा शोधाव्यात

चिकित्सक वाचन म्हणजे प्रत्येक वाक्यावर शंका घेणे, असा समज असेल तर तो आधी दूर करावा. सरसकट शंका घेणे हे सरसकट विश्वास ठेवण्याइतकेच बिनकष्टाचे असते. सरावासाठी काहीतरी पटवून देऊ पाहणारा छोटा लेख निवडावा. अग्रलेख त्यासाठी उत्तम. (कादंबरीवर हा प्रयोग करून तिची मजा घालवू नये.) पहिल्यांदा लेख सलग वाचावा आणि दुसऱ्या वाचनात मुख्य दावा व त्याला दिलेला आधार यांवर वेगवेगळ्या खुणा कराव्यात.

खरे काम यानंतरचे आहे: लेखकाने न सांगता गाळलेले दुवे शोधणे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात आधाराला दाव्याशी जोडणाऱ्या आणि बहुधा अध्याहृत राहणाऱ्या गृहीतकाला स्वतंत्र स्थान दिले. ‘वाचनाची सवय असलेल्या मुलांना अधिक गुण मिळतात, म्हणून प्रत्येक शाळेने वाचनाचा तास सक्तीचा करावा,’ हे विधान पाहा. पहिला भाग खरा मानला, तरी वाचनामुळेच गुण वाढतात हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांना अभ्यास सोपा जातो तीच मुले आवडीने वाचत असतील, किंवा घरातील वातावरण दोन्हींच्या मुळाशी असेल. शिवाय आवडीने केलेल्या वाचनाचा परिणाम सक्तीच्या वाचनातूनही साधेल, हेही लेखकाने न सांगता धरून चालले आहे. अशी गृहीतके समासात पूर्ण वाक्यांत लिहावीत, कारण मनात ठेवलेली शंका धूसरच राहते.

आक्षेप नोंदवण्यापूर्वी लेखकाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडून पाहावे. ते जमत नसेल, तर लेख पुन्हा वाचावा.

आपल्या मताला दुजोरा देणारे लेख अधिक सावधपणे वाचावेत. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितले होते. नियम केवळ ‘चढता क्रम’ एवढाच होता. पण अनेकांनी स्वतःच्या अंदाजात बसणारेच आकडे तपासले आणि चुकीचा नियम सांगितला. म्हणून ‘कोणती माहिती मिळाली तर हा दावा कोसळेल?’ असे विचारून ती माहिती मुद्दाम शोधावी. वेळ थोडा असेल, तर ही मेहनत पटलेल्या लेखावरच घ्यावी. न पटलेल्या लेखातील उणिवा आपल्याला आपसूकच दिसतात.