मिरची हाताळताना या चुका टाळा

ठेचा करून झाला, हात स्वच्छ धुतले आणि तासाभराने सहज डोळ्याला बोट लागलं तर डोळ्याची आगआग होते. हात धुतलेले असतात, पण नुसत्या पाण्याने. मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चटकन विरघळतं. मिरची हाताळतानाच्या निम्म्या चुका ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे होतात.

आधी पाणी, मग साबण

क्रम उलटा हवा. कोरड्या हातांवर चमचाभर गोडं तेल घ्या आणि मिनिटभर चोळा: बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडांना, नखांखाली. मग त्या तेलकट हातांवरच भांडी घासायचा लिक्विड साबण घ्या, पाणी न लावता पुन्हा चोळा आणि शेवटी गार पाण्याने धुवा. हे सगळं दोनदा करा. गरम पाणी वापरू नका, त्याने आग वाढते. बाथरूमला जाण्याआधीही हात याच पद्धतीने धुवा. ही सूचना बहुतेक जण विसरतात आणि मग फार त्रास होतो.

पाच-सहा मिरच्या चिरायच्या असतील तर देठ धरून कात्रीने कापा, म्हणजे बोटं रसाला लागतच नाहीत. पाव किलो लवंगी असेल तर हातमोजे हवेतच. औषधाच्या दुकानात मिळणारे नायट्रिलचे मोजे घ्या. पार्सलसोबत येणारे पातळ प्लास्टिकचे मोजे सैल असतात, मनगटाकडून रस आत शिरतो. मोजे काढताना उलटे करत काढा. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर मिरचीला हात लावण्याआधीच त्या काढून ठेवा. मिरचीचा हात लागलेली लेन्स पुन्हा डोळ्यात घालू नका.

तिखट बियांत नसतं

मिरची सौम्य करायची म्हणून बिया झटकल्या जातात, तरी भाजी तिखट होतेच. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. बियांना ते फक्त लागलेलं असतं. मिरची उभी चिरा, चमच्याच्या टोकाने गाभा खरवडून काढा, बिया आपोआप निघतील. मंडईतून एकाच वाट्यातल्या आणलेल्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात, म्हणून भरली मिरची करताना एकीचं टोक चाखून सगळ्यांचा अंदाज बांधू नका.

देठ काढून धुणं

देठ काढला की तिथे भोक पडतं आणि धुताना पाणी आत शिरतं. अशी मिरची तेलात पडली की तडतडते. लोणच्यात गेली तर काही दिवसांत बुरशी धरते. म्हणून देठासकट धुवा, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा आणि मगच देठ काढा. अख्खी मिरची तळायची असेल, वडापावसोबतची असो वा भज्यांची, तर तिला उभी चीर द्याच. बंद मिरचीत वाफ कोंडते, ती फुटते आणि उकळतं तेल थेट हातावर, तोंडावर उडतं.

ठसका

फ्लॅटमधल्या लहान स्वयंपाकघरात हा सगळ्यात मोठा प्रश्न. मोठ्या आचेवर मिरची करपली की तिचे तिखट कण धुरासोबत घरभर जातात. घरात दम्याचं कुणी असेल तर हा प्रकार गंभीर होऊ शकतो. भाजताना त्यांना बाहेर पाठवा.

एक्झॉस्ट फॅन आणि खिडकी तवा तापवण्याआधी उघडा, ठसका लागल्यावर नव्हे. ठेच्यासाठी पंधरा-वीस हिरव्या मिरच्यांना चमचाभर तेल चोळून मंद आचेवर ठेवा, झाकण घाला आणि अधूनमधून हलवा. पांढुरके डाग पडून साल सुरकुतली की पुरे. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा. मीठ, लसूण आणि दाणे मिरची उतरवताना घाला. सुक्या मिरच्या थोड्या थोड्या घेऊन मिनिट-दोन मिनिटं परता. काळी पडलेली मिरची कडू लागते आणि अख्खा मसाला बिघडवते, ती बाजूला काढाच.

मिक्सरचं झाकण

सुकी मिरची दळून लगेच झाकण उघडलं की धूळ थेट नाका-डोळ्यांत जाते. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी फिरवा आणि शेवटी दहा मिनिटं तसंच बंद राहू द्या. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि तिखटाचा रंग काळवंडतो. वर्षभराचं तिखट करायचं असेल तर ते डंकावर दळून आणणं शहाणपणाचं. रंगासाठी ब्याडगी, झणक्यासाठी लवंगी असं मिश्रण बहुतेक घरांत चालतं. मात्र नेण्याआधी मिरची कडक उन्हात इतकी वाळवा की मोडताना आवाज आला पाहिजे. दमट मिरचीचं तिखट गुठळतं आणि बुरशी धरतं. बुरशीची मिरची निवडून, पुसून वापरू नका. तिच्यात विषारी घटक असू शकतात आणि ते भाजल्याने जात नाहीत.

आग झालीच तर

तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. दूध किंवा दही तोंडात घोळवा, त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला ओढून घेतं. हात जळजळत असतील तर वरची तेल-साबणाची पद्धत वापरा, मग हात गार दह्यात बुडवून ठेवा. डोळ्यात मात्र दूध, तेल, तूप काही घालू नका. चोळू नका. स्वच्छ गार पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडा. त्यानंतरही दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ठेचा ओट्यावर ठेवणं

लसूण आणि तेल असलेला ठेचा बरणीत भरून दिवसेंदिवस बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. ठेचा फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तेवढीच वडी काढा. लिंबू पिळलं तरी फ्रिज चुकत नाही, कारण घरी आंबटपणा किती झाला ते मोजता येत नाही.