सांगलीत बसून समुद्री शेवाळ कसं जगवावं

माझं पहिलं समुद्री शेवाळ मरत होतं तेव्हा टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं, की नायट्रेट तपासायच्या किटला रंगच चढत नव्हता. मला त्याचं कौतुकही वाटत होतं. तासगावकडे मामांची द्राक्षबाग आहे. ते एकदा घरी आले, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "पिवळं पडलंय की रे हे. खायला काय घालतोस ह्याला?"

ते ग्रासिलेरिया होतं, लाल शेवाळ. आणलं तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारखं, तीन आठवड्यांत फिकट केशरी. लाल शेवाळ नत्राचा (म्हणजे नायट्रोजनचा, जो त्याला नायट्रेटमधून मिळतो) बराच साठा आपल्या लाल रंगद्रव्यातच ठेवतं. बाहेरून नत्र मिळेनासं झालं की तेच मोडून खातं आणि रंग उडतो. मामांना खारं पाणी कळत नाही, पण भुकेलं पान कळतं. तेव्हापासून मी ह्या टाकीकडे पीक म्हणून बघतो, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

आधी जात निवडा

नवख्याने चीटोपासून सुरुवात करावी. पूर्ण नाव कीटोमॉर्फा. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता झालाय असं दिसतं. मुळं नाहीत, खडकाला चिकटत नाही, उचलून बाजूला ठेवता येतं. ग्रासिलेरिया देखणं, पण खादाड. हॅलिमेडा म्हणजे हिरव्या चकत्यांची माळ. ते अंगात चुना धरतं, म्हणून त्याला कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) ८ ते १० डीकेएच लागते. कॉलर्पाबद्दल शेवटी बोलतो, त्याचं प्रकरण वेगळं आहे.

टाकीत टँग किंवा रॅबिटफिश जातीचा मासा असेल तर शेवाळ विसरा, ते त्यांचं जेवण आहे. आणि कुणी जिवंत प्रवाळ देतो म्हणाला तर नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली आपल्याकडच्या प्रवाळांना संरक्षण आहे. शेवाळाची टाकी त्यांच्याशिवायही पुरेशी सुंदर दिसते.

नवीन शेवाळ तितक्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवून धुवा. तळाशी बारीक खेकडे, किडे पडलेले दिसतात. मग दोनेक आठवडे उजेडाखाली वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत सोडा.

पाणी

रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे लोक आहेत. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. मी मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मीठ वापरतो, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम नसतं. घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश.

मीठ विरघळवायला आरओचं पाणी घ्या, पण आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवून बघा. घरगुती आरओ मशीन चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतं. बोअरचं पाणी तर नकोच.

बाष्पीभवन हा इथला खरा शत्रू. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत बिनमिठाचं आरओ पाणी भरा. माझ्या १२० लिटरच्या टाकीला मे महिन्यात रोज दोन लिटर लागतं. पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, मात्र रेघही लवकर खाली जाते.

उजेड आणि प्रवाह

महागडा दिवा लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी मिळतो, तो चीटोला पुरतो. टायमरवर आठ ते दहा तास. शेवाळ शेजारच्या वेगळ्या डब्यात वाढवत असाल तर तिथला दिवा रात्री लावा: मुख्य टाकीत अंधार असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, शेवाळ तो वायू ओढून घेतं आणि उतार कमी होतो.

चीटोचा गोळा पाण्यात हळूहळू फिरत राहिला पाहिजे. एका जागी पडून राहिला की वरचा थर हिरवा आणि आतलं सगळं पिवळट, कुजकं. आठवड्यातून एकदा हाताने उलटा करा.

खत

इथे बहुतेकांचा हात आखडतो. १९८३ साली अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी समुद्रतळाच्या वनस्पतींमधलं कार्बन, नत्र आणि स्फुरदाचं (फॉस्फरसचं) प्रमाण ५५०:३०:१ असं मांडलं. म्हणजे नत्र स्फुरदापेक्षा कितीतरी जास्त हवं. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास राखा. मासे भरपूर असतील तर हे आपोआप होतं. माझ्याकडे दोनच क्लाउनफिश आहेत, त्यामुळे घालावं लागतं.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं १३:००:४५ हे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १२० लिटरमध्ये १ ग्रॅम घातलं की नायट्रेट साधारण ५ मिलिग्रॅमने वाढतं. ००:५२:३४ हे स्फुरदाचं खत मात्र थेट घालू नका. १ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं १० मिलिलिटर घातलं की १२० लिटरमध्ये फॉस्फेट जेमतेम ०.०६ ने वाढतं. डोळ्याने अंदाज नको, छोटा डिजिटल काटा घ्या. आठवड्याला एकदा तपासा, मगच घाला.

१९:१९:१९ या मिश्र खताला हात लावू नका. त्यात अमोनिया आणि युरियाच्या रूपातलं नत्र असतं, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असल्याने अमोनिया माशांच्या जिवावर उठतो. माशांसाठीचं तांब्याचं औषधही ह्या टाकीत नको.

नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही ठीक असूनही चीटो फिकट पडलं तर लोहाची कमतरता असू शकते. सूक्ष्म अन्नद्रव्यांची मत्स्यालयाची बाटली मिळते, तिचा डोस लिहिल्यापेक्षा निम्मा ठेवून सुरू करा.

छाटणी

गोळा दुप्पट झाला की एक तृतीयांश काढून टाका. निम्म्याहून जास्त एकदम काढलं तर उरलेलं खत बारीक, केसाळ शेवाळाच्या घशात जातं आणि काच हिरवी होते.

आता कॉलर्पा. रताळ्याच्या वेलासारखं जमिनीवर धावतं आणि थोड्या थोड्या अंतरावर पानं उभी करतं. कितीही पसरलं तरी सगळा वेल मिळून एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं. ते प्रजननाला आलं की अंगातलं सगळं एका दमात पाण्यात सोडतं. माझ्याकडे एका संध्याकाळी पानांवर पांढरट-हिरवे डाग दिसले. मी म्हटलं, उद्या बघू. सकाळी पाणी हिरव्या ताकासारखं, वेलाच्या जागी पारदर्शक कागदी साल, आणि दोन्ही मासे वर तोंड काढून श्वास घेत होते. एअर पंप लावला, साली चिमट्याने उचलल्या, ४० लिटर पाणी बदललं. मासे वाचले. तसे डाग दिसले तर त्याच रात्री वेल काढा. एरवीही दर आठवड्याला विरळणी करा, कात्रीने मधोमध कापण्याऐवजी वेलाचं टोक धरून अख्खी धावती फांदी उचला. काही जण त्याला चोवीस तास उजेड देऊन प्रजनन लांबवतात. मी कॉलर्पाच कमी ठेवतो.

काढलेलं शेवाळ गटारात किंवा कोकणात फिरायला गेल्यावर समुद्रात सोडू नका. कॉलर्पाचीच टॅक्सिफोलिया ही जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर दिसली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. गच्चीवर कडकडीत वाळवा. कुंडीत घालायचं असेल तर आधी तीन-चार पाण्यांनी मीठ धुऊन काढा. मी एकदाच न धुता घातलं होतं, आईची तुळस आठवड्यात गेली.