हरितगृहातील शेवंती: फुलोऱ्याच्या काळात रात्रीचा अंधार सांभाळा

हरितगृहातील शेवंती फुलोऱ्याच्या टप्प्यात शिरत असताना उत्पादकाने सर्वांत आधी तपासावी अशी गोष्ट खत नाही आणि औषधही नाही; ती आहे रात्रीचा अंधार. हिरवीगार, जाड दांड्यांची, कीड नसलेली शेवंती केवळ रात्री कुठून तरी येणाऱ्या उजेडामुळे नुसतीच उंच वाढत गेली, किंवा तिच्या कळ्या हिरव्याच अडकून राहिल्या, असे प्लॉट आम्ही वारंवार पाहिले आहेत. अशा बहुतेक ठिकाणी उजेडाचा शोध घेण्याआधी फुलोऱ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांची फवारणी झालेली असते, आणि तोवर बाजाराची तारीख हातची गेलेली असते.

शेवंती हे लघुदिवसी पीक आहे. दिवस मोठा आणि रात्र लहान असेपर्यंत ती पाने व दांडी वाढवत राहते. रात्र पुरेशी लांबली की शेंड्याचे पान काढणे थांबते आणि तेथे कळी तयार होऊ लागते. दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान झाला की कळी धरण्यास सुरुवात होते, परंतु धरलेली कळी पूर्ण वाढण्यासाठी दिवस साडेतेरा तासांच्याही आत यावा लागतो. जातीनुसार यात थोडाफार फरक पडतो. हा हिशेब झाडाची पाने ठेवतात. पानांत तयार होणारा संदेश शेंड्याकडे जातो, हे चैलाख्यान या रशियातील शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले होते. म्हणूनच शेंडा अंधारात आणि खालची पाने उजेडात असतील, तर त्या अंधाराचा उपयोग होत नाही.

वाढीच्या अवस्थेत आपण रात्र मुद्दाम तोडतो. लागवडीनंतर साधारण दोन ते चार आठवडे, दांडी ३० ते ३५ सेंमी होईपर्यंत, रात्री १० ते २ या वेळात रोपांच्या उंचीवर सुमारे १०० लक्स उजेड मिळेल असे दिवे लावावेत. वीज वाचवायची असेल तर दर अर्ध्या तासात सहा मिनिटे दिवे लावण्याची चक्राकार पद्धतही चालते. या काळात टायमर बंद पडला किंवा सलग काही रात्री वीज गेली, तर अर्धवट उंचीच्या दांडीवर वेळेआधीच कळी धरते आणि तिच्या खाली अरुंद, पट्टीसारखी पाने दिसतात. तशी पाने दिसताच त्याच दिवशी टायमर, फ्यूज आणि प्रत्येक ओळीतील दिवे तपासावेत.

खरे नुकसान मात्र पुढच्या अवस्थेत होते. दिवे बंद केले की फुलोरा आपोआप येईल असे गृहीत धरून उत्पादक अंधाराकडे पाहणेच सोडून देतो. सलग किमान १३ तास अंधार हवा, आणि त्यात ‘सलग’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. रात्रीच्या मध्यावर पडलेला थोडासा उजेडही झाडातील फायटोक्रोम या रंगद्रव्याची अवस्था पालटतो आणि झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन लहान रात्री होतात. रस्त्यावरचा दिवा, प्रतवारीच्या शेडमधील बल्ब, शेजारच्या वाढीच्या प्लॉटचे दिवे, पंपाजवळ रात्रभर जळणारा दिवा आणि रात्र लांबवण्यासाठी पिकावर ओढल्या जाणाऱ्या काळ्या पडद्याच्या शिवणीतील फट ही आम्हाला पुन्हा पुन्हा सापडलेली कारणे आहेत. पौर्णिमेचे चांदणे एका लक्सपेक्षाही कमी असते, त्याची काळजी नको; जवळच्या दिव्याची मात्र जरूर करावी.

तपासणी अशी करावी. काळोख पडल्यानंतर पडदा पूर्ण ओढून हरितगृहात जावे, हातातील विजेरी व मोबाईल बंद करावा आणि डोळे सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे. त्यानंतर वर्तमानपत्राचा मोठा मथळा वाचता येत असेल, तर तेथे उजेड जास्त आहे. दिवसा हीच तपासणी आतून वर पाहून करावी, कारण पडद्याची भोके उन्हातच स्पष्ट दिसतात. ही पाहणी एकदा करून भागत नाही. वाऱ्याने पडदा सरकतो, कडा उंदीर कुरतडतात, शेजारी नवा दिवा लागतो. म्हणून दर आठवड्याला एक रात्र यासाठी राखावी.

दुसरी चूक कळी वाटाण्याएवढी झाल्यावर होते. कळी दिसली म्हणजे काम झाले असे समजून पडदा ओढण्यात कुचराई केली जाते. कळीने रंग दाखवेपर्यंत अंधाराची शिस्त मोडू नये. त्यातही लांब रात्री सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक असतात; त्या काळात सुट्टीच्या दिवशी मजूर नाही म्हणून पडदा राहिला, असे एकदाही होऊ देऊ नये.

ढगाळ आणि दमट हवेचे दिवस सुरू असतील तर हा सल्ला अधिक तातडीने घ्यावा. बंद पडद्याखाली उष्णता व ओलावा साचतो. रात्रीचे तापमान २४-२५ अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिले तर अंधार नीट असूनही फुलोरा लांबतो. कळी धरताना रात्री १६ ते १८ अंश उत्तम. पानांवर काही तास पाणी टिकले तर पांढरा तांबेरा आणि करडी बुरशी झपाट्याने पसरते. म्हणून पडदा दुपार कलताच घाईने ओढू नये. सायंकाळी ७ ते सकाळी ८ ही वेळ बरी. बाहेर पूर्ण काळोख झाल्यावर पडदा उघडून हवा खेळती करता येते आणि पहाट फुटण्याआधी तो पुन्हा ओढता येतो, मात्र परिसरातील एकही दिवा प्लॉटपर्यंत पोहोचत नसेल तरच. शिफारशीच्या पत्रकात हे सापडणार नाही, पण आमचे निरीक्षण असे आहे की सायंकाळी उशिरा ओढून सकाळी उशिरा काढलेल्या पडद्याखाली पाने कोरडी राहतात आणि फूलही एकसारखे येते.

फुलोरा आणणारी म्हणून जी टॉनिके आणि ‘बूस्टर’ आग्रहाने विकली जातात, ती अंधाराची जागा घेऊ शकत नाहीत. ०:५२:३४ सारख्या खताने स्फुरद व पालाश मिळते, फुलोऱ्याचा संदेश मिळत नाही. नत्राची खरी गरज पहिल्या सात आठवड्यांत असते. त्या काळात नत्र तोडून केवळ स्फुरदाचे डोस देत राहिल्यास दांडी बारीक राहते. विक्रेत्याने नवी बाटली पुढे केली तर आधी रात्रीची पाहणी करावी आणि मगच खरेदीचा विचार करावा. त्याच पैशात पडद्याच्या फटी शिवून होतात.

नेहमीची कामे:
- एका दांडीवर एकच मोठे फूल घ्यायच्या जातीत बाजूच्या कळ्या खुडाव्यात.
- एका दांडीवर अनेक फुले येणाऱ्या स्प्रे जातीत मधली शेंड्याची कळी काढावी.
- आधाराची जाळी वाढीबरोबर वर उचलावी.
- पाणी ठिबकने आणि सकाळी द्यावे.
- फुलकिड्यांसाठी निळे आणि माव्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत.
- मावा, फुलकिडे दिसताच लेकॅनिसिलियम लेकानी ही कीड मारणारी मित्रबुरशी प्रति लिटर ५ ग्रॅम फवारावी.
- पानांवरील ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक प्रति लिटर २.५ ग्रॅम वापरावे. कळीने रंग दाखवल्यावर त्याचे डाग पडतात, म्हणून फवारू नये.

फवारणीची पाहणी रात्री विजेरी घेऊन करण्याची सवय काहींना असते. फुलोऱ्याच्या प्लॉटमध्ये ती पूर्ण बंद करावी. हिरवा कागद लावलेली विजेरी निर्धोक असते असे सांगितले जाते, परंतु तोही उजेडच आहे. फार निकड असेल तरच, मंद आणि क्षणभर वापरावी.

उजेड शिरल्याचे उशिरा लक्षात आले तर घाबरून फवारण्या सुरू करू नयेत. आधी कोणत्या ओळी मागे आहेत ते पाहावे; दिव्याकडच्या ओळी मागे आणि आतल्या ओळी पुढे असतील तर कारण तेथेच आहे. दिवा बंद करावा किंवा त्या बाजूला दुहेरी पडदा लावावा आणि त्या रात्रीपासून १३ तासांचा हिशेब नव्याने सुरू करावा. कळ्या धरल्या असतील पण त्यांच्याभोवती पालेदार फुटवे निघत असतील, तर ते फुटवे काढून कळी राखावी. कळीच धरली नसेल तर आपल्या जातीचा प्रतिसाद कालावधी (लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल येईपर्यंतचा काळ), जो व्यापारी जातींत बहुधा सात ते दहा आठवडे असतो, नव्या तारखेपासून मोजावा आणि खरेदीदाराला बदललेली तारीख लगेच कळवावी. ज्या ओळी पुढे आहेत त्यांची तोडणी मागच्या ओळींसाठी थांबवू नये.